केबलशिवाय टीव्ही: कोकणातल्या घरांसाठी थोडा हिशेब

कोकणातल्या बऱ्याच वाड्यांवर केबल कधी आलीच नाही. केबलवाल्याचा धंदा दाटीच्या वस्तीत चालतो. एका खांबावरून दहा घरांना वायर गेली तर त्याला ते परवडतं. आपल्याकडे एक घर पाखाडी चढून वर, दुसरं व्हाळाच्या पलीकडे, मध्ये कुणाचं तरी आगर, आणि त्या आगराच्या मालकाशी तीन पिढ्यांचा वाद. तिथे वायर कोण ओढणार? त्यामुळे केबल चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी अशा बाजारपेठांत राहिली आणि वाड्यांनी अँटेनावरून थेट छत्रीवर, म्हणजे डिशवर, उडी घेतली.

म्हणून शहरात जो प्रश्न ‘केबल काढली तर काय बघायचं?’ असा येतो, तो इथे जरा वेगळा विचारला जातो. गणपतीच्या आठ दिवस आधी मुंबईहून फोन येतो, ‘दादा, घर वर्षभर बंद होतं, रिचार्ज कधीच संपलाय. आता पंधरा दिवसांसाठी परत भरायचा का?’ किंवा गावी एकट्या राहणाऱ्या आजीला बातम्या, कीर्तन आणि संध्याकाळची एक मालिका एवढंच हवं असतं आणि त्यासाठी दर महिन्याला कुणाला तरी आठवणीने पैसे भरावे लागतात.

दरमहा पैसे न भरता थेट टीव्ही बघता येतो. कसा, ते तीन गोष्टींवर ठरतं: घर वर्षातून किती दिवस उघडं असतं, तिथे मोबाइलची रेंज कशी आहे आणि घरातल्यांना नेमकं काय बघायचंय. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच शेवटी विचारतात.

अँटेनाचं काय झालं

आधी जुन्या रस्त्याचं बघून घेऊ, कारण अजूनही कुणी ना कुणी माळ्यावरचा अँटेना उतरवायला निघतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या वाडीला काही मिळत नाही. कोकणात दोन खाड्यांच्या मध्ये डोंगर आणि दोन डोंगरांच्या मध्ये वाडी, त्यामुळे ज्याचं घर सड्यावर त्याच्याकडे चित्र आणि ज्याचं खाली व्हाळाजवळ त्याच्याकडे मुंग्या. मग उंच बांबू, त्यावर अँटेना, आणि घरातून ओरडणारं एक माणूस हे ओघानेच आलं.

ती सोय आता जवळपास संपली आहे. जमिनीवरची जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केली. मार्च २०२२ च्या अखेरीपर्यंत देशात मोक्याच्या ठिकाणची मोजकीच शिल्लक ठेवली. तेव्हा माळ्यावरचा अँटेना माळ्यावरच असू द्या.

फुकट छत्री, आणि तिचा खर्च कोण करतं

आता मुख्य गोष्ट. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. आज हा आकडा कितीतरी मोठा आहे. एकदाच छत्री, एलएनबी (छत्रीपुढच्या दांडीवर बसणारा, सिग्नल पकडणारा लहान डबा), वायर आणि बॉक्स घ्यायचा. सगळं मिळून साधारण २,००० रुपयांच्या घरात जातं. त्यानंतर दरमहा काहीही नाही. रिचार्ज नाही, कार्ड नाही, ग्राहक क्रमांक नाही. घर अकरा महिने बंद ठेवून गणपतीत उघडलं आणि बटण दाबलं की टीव्ही चालू. चाकरमान्यांच्या घराला याच्याइतकी सोयीची दुसरी व्यवस्था मला माहीत नाही.

फुकट कसं? खासगी वाहिन्यांना फ्री डिशवर जागा हवी असते, कारण तिथे मोठा प्रेक्षक आहे आणि प्रेक्षक असले की जाहिराती मिळतात. त्या जागांचा प्रसार भारती ई-लिलाव करते. म्हणजे पैसे प्रेक्षक भरत नाही, वाहिनी भरते आणि जाहिरातदाराकडून काढते. डीटीएच कंपनीचा, म्हणजे दरमहा पैसे घेऊन छत्रीवर वाहिन्या देणाऱ्या टाटा प्ले, एअरटेल वगैरेंचा हिशेब वेगळा. तिथे पैसे वाहिनीही मागते आणि कंपनीही, आणि दोघांचे मिळून तुमच्या खिशातून जातात.

याच कारणाने फ्री डिशवरची यादी पक्की नसते. लिलावाचं वर्ष एप्रिलमध्ये पालटलं की काही वाहिन्या येतात, काही जातात. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या चार कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकदम काढून घेतल्या, आणि पुढे त्यांतल्या काही परतही आल्या. तेव्हा ‘काल दिसत होतं, आज गेलं’ असं कुणी सांगितलं तर लगेच छपराकडे बघू नका. आधी रिमोट घेऊन वाहिन्या नव्याने शोधायला लावा. बॉक्सच्या मेनूत ‘ऑटो स्कॅन’ असतं.

आता जे कुणी दुकानात सांगत नाही ते सांगतो. झी मराठी आणि स्टार प्रवाह या पैसे भरून बघायच्या वाहिन्या आहेत, त्या फ्री डिशवर नाहीत. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत घरात जे लागतं, ते बहुतेक या दोघींवरच. सह्याद्री मिळेल, दूरदर्शनच्या बाकी वाहिन्या मिळतील, बातम्या मिळतील, भक्तिसंगीत आणि जुने चित्रपट मिळतील, काही खासगी मराठी वाहिन्याही मिळतील. पण आईची ठरलेली मालिका मिळणार नाही. छत्री बसवून झाल्यावर हे कळलं की घरात जो अबोला होतो, त्याला दोन हजार रुपये फार जास्त आहेत. म्हणून आधी विचारा.

बॉक्स घेताना एक गोष्ट बघा. बाजारात अजून जुन्या पद्धतीचे एमपेग-२ बॉक्स मिळतात. फ्री डिशवरच्या बऱ्याच वाहिन्या एमपेग-४ मध्ये येतात आणि जुन्या बॉक्सला त्या उलगडता येत नाहीत. शे-दोनशे वाचवायला जुना घेऊ नका. आणि त्याआधी टीव्हीच्या मागे डोकावून बघा. गेल्या काही वर्षांतल्या काही टीव्हींना उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. आटे असलेलं, स्क्रूसारखं एक गोल तोंड असतं आणि त्याच्याजवळ ‘सॅटेलाइट’ किंवा ‘एलएनबी’ लिहिलेलं असतं. ते असेल तर बॉक्स लागतच नाही. छत्रीची वायर थेट टीव्हीत लावून मेनूतून स्कॅन करायचं.

छत्री कुठे बघते

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियन-५ रॉकेटने गेला. विषुववृत्ताच्या बरोबर वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाला तो उभा आहे. पृथ्वीबरोबरच फिरतो म्हणून आपल्याला एका जागी स्थिर दिसतो. आपण ७३ अंश रेखांशाच्या आसपास, म्हणजे तो आपल्या पूर्वेला. आणि तो विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या दक्षिणेलाही. दोन्ही मिळून आग्नेय दिशा. बरोबर आग्नेय नाही, तिथून जरा पूर्वेकडे. होकायंत्र उत्तरेला शून्य धरून मोजतं, त्यावर कोकणात कुठेही १२७ ते १३० अंशांच्या दरम्यान. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, फक्त पत्र्याच्या छपरावर उभं राहून बघू नका. लोखंडाजवळ ते काहीही दाखवतं.

उंची मात्र लोक हमखास चुकवतात. उपग्रह क्षितिजापासून ५८ ते ६० अंश वर आहे. अलिबागला थोडा खाली, मालवणला थोडा वर. म्हणजे डोक्यावरून फार लांब नाही. पण छत्रीकडे बघितलं तर ती पुढच्या माडाच्या शेंड्याकडे बघत असल्यासारखी वाटते. कारण या छत्र्यांची घडण वाकडी असते. एलएनबीची दांडी मध्यातून न निघता खालून येते, त्यामुळे छत्रीचं तोंड जिकडे दिसतं त्याच्यापेक्षा सुमारे २५ अंश वरून ती सिग्नल घेते. परिणामी लोक समोरचा लांबचा माड उगाच तोडायला निघतात आणि खरा अडथळा असलेला जवळचा माड तसाच राहतो.

माड तोडण्याआधी हा हिशेब करा. ६० अंशांच्या कोनात झाड आडवं यायचं तर त्याचं अंतर छत्रीच्या वरच्या उंचीच्या साधारण ०.६ पट किंवा त्याहून कमी असावं लागतं. माडाचा शेंडा छत्रीपेक्षा १५ मीटर उंच असेल तर तो आग्नेयेला ९ मीटरच्या आत असेल तरच त्रास. दहा-बारा मीटरवर असेल तर सिग्नल त्याच्या डोक्यावरून येतोय, त्याला राहू दे. सह्याद्रीचंही तेच. घाट कितीही मोठा दिसला तरी ६० अंशांपर्यंत तो पोचत नाही. म्हणून ज्या वाडीला जन्मात कधी अँटेनावर चित्र आलं नाही, त्या वाडीला छत्रीवर पहिल्या दिवसापासून स्वच्छ दिसतं.

घरात आधीची, रिचार्ज संपलेली कंपनीची छत्री असेल तर नवी घेऊ नका. छत्री ती छत्रीच. बदलतो तो उपग्रह. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आहे, म्हणून ती छत्री सुमारे २० अंश पूर्वेकडे वळवून थोडी खाली आणायची. एअरटेलचा १०८ अंशांच्या जवळ, म्हणून ती दक्षिणेकडे वळवून बरीच वर उचलायची. डिश टीव्हीची असेल तर जवळजवळ तिथेच आहे, बारीक हलवून बघायचं. बॉक्स मात्र बहुधा बदलावाच लागतो. कंपनीचा बॉक्स कंपनीचंच कुलूप उघडतो.

बारीक हलवताना टीव्हीच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. वरची, ताकदीची पट्टी बघून लोक खूश होतात, पण ती फक्त एवढंच सांगते की वायर जोडलेली आहे आणि एलएनबी जिवंत आहे. खालची गुणवत्तेची पट्टी वर आली तर खरं. ती एका बोटाच्या हालचालीने येते आणि जाते. म्हणून एक माणूस वर, एक माणूस टीव्हीपुढे, आणि मध्ये ‘इला, इला… गेला! थांब, मागे घे!’ हे करावंच लागतं. वरच्याने एकदा हलवून पाच-सहा सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. थांबत नाही म्हणूनच संध्याकाळ होते. दिशा बसली की एलएनबी पकडीत थोडी थोडी फिरवूनही बघा. लहरींचा एक तिरपेपणा असतो, तो जुळला की पट्टी आणखी चढते.

पाऊस, खारा वारा आणि वानर

छत्रीचं दुखणं म्हणजे पाऊस. आपल्याकडे हे दुखणं चार महिन्यांचं असतं. फ्री डिश आणि सगळ्या डीटीएच कंपन्या ज्या पट्ट्यात प्रक्षेपण करतात त्याला केयू बँड म्हणतात. त्यातल्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या. मोठ्या पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे असतात, म्हणजे लहरीच्या मापाच्या मानाने नगण्य नव्हेत. ते लहर शोषतात आणि विखुरतात. रिमझिम असेल तर काही बिघडत नाही. काळाकुट्ट ढग येऊन झड सुरू झाली की चित्राच्या चौकटी होतात, मग ‘नो सिग्नल’. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा याची सवय असलेली बरी.

अॅनालॉगच्या काळात पाऊस आला की मुंग्या वाढायच्या, पण माणसं ओळखू यायची. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल एका मर्यादेपर्यंत कितीही कमजोर झाला तरी चित्र काचेसारखं स्वच्छ, आणि ती मर्यादा ओलांडली की एकदम काही नाही. म्हणून उन्हात चित्र छान दिसतंय यावर समाधान मानू नका. गुणवत्तेची पट्टी काठावर असेल तर जूनमध्ये पहिल्याच सरीला चित्र जाणार. उन्हाळ्यातच ती शक्य तितकी वर चढवून ठेवायची. तरी भागत नसेल तर ६० सेंटीमीटरच्या छत्रीऐवजी ९० ची लावा. व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे तेवढे जास्त सिग्नल गोळा होतात. मुसळधार पावसात तीही जाईल, पण लवकर परतेल.

पाऊस नसतानाही जात असेल तर वर चढून एलएनबीच्या तोंडाशी बघा. वायर जिथे आट्यांत जाते तिथलं काळं रबर उन्हाने तडकलेलं असतं. आटा सोडवून वायर ओढली की आतली तांब्याची तार हिरवी पडलेली दिसते. किनाऱ्यावरची खारी हवा तिथून आत शिरते आणि वायरीच्या जाळीतून केशवाहिनीतल्या पाण्यासारखी पुढे सरकत राहते. हिरवी झालेली दोन बोटं वायर कापून टाकायची, नवा कनेक्टर लावायचा, त्यावर स्वतःला चिकटून एकजीव होणारी रबरी टेप घट्ट गुंडाळायची, आणि वायरीला एलएनबीखाली एक झोळ सोडायचा म्हणजे पाणी आत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकतं. हे पंधरा मिनिटांचं काम आहे. मेकॅनिक येऊन एलएनबी बदलून जातो, आणि दोन महिन्यांनी परत तेच, कारण दोष एलएनबीत नसतोच.

वानरांवर उपाय मला अजून सापडलेला नाही. आंबा मोहरला की टोळी येते, कौलांवरून पळते आणि छत्रीच्या दांडीला लोंबकळते. थोडी जरी छत्री हलली तरी खेळ संपला. एवढं करता येतं: छत्री कौलांवर न लावता भिंतीच्या चिऱ्यात पक्की बसवायची, शक्यतो अंगणात डोळ्यांसमोर, खांब जमिनीत काँक्रीटने पुरून. उपग्रह ६० अंश वर आहे म्हटल्यावर छत्री उंचावर असायची गरजच नाही. आग्नेयेला वर आकाश मोकळं असलं की पुरे. खाली असली की पुसताही येते, दिशाही लावता येते, आणि छपरावरून कुणी घसरत नाही.

अजून एक चमत्कारिक गोष्ट. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि परत सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास चित्र काही मिनिटं जातं आणि आपोआप परत येतं. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे असतो आणि त्याचा गोंगाट छत्रीत भरतो. काही करू नका. चहा प्या.

वळवाच्या दिवसांत विजा कडकडायला लागल्या की मात्र बॉक्सला लावलेली छत्रीची वायर काढून ठेवायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

नेटवरून बघायचं तर

आता दुसरा रस्ता. मोबाइलवर किंवा स्मार्ट टीव्हीवर नेटवरून थेट वाहिन्या बघणं वरवर सगळ्यांत सोपं. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास थेट आणि फुकट असतात, कारण त्यांची कमाई जाहिरातींची. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे अॅप सुरू केलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. जिओचं सिम असेल तर जिओ टीव्ही आहे. मालिका हव्या असतील तर झी५ आणि जिओहॉटस्टार, आणि तिथे पैशांचा प्रश्न परत येतो. तरी आजीची एकच मालिका असेल तर अख्ख्या डीटीएचपेक्षा एका अॅपचे पैसे कमी पडतात का, हे मांडून बघा. बऱ्याचदा पडतात.

पण छत्री आणि नेट यांच्यात एक मुळातला फरक आहे, आणि तो समजला की बाकी सगळं आपोआप समजतं. देवळात दशावतार लागला की समोर पन्नास माणसं बसली काय आणि पाचशे बसली काय, नटांना खेळ एकदाच करायचा असतो. उपग्रहाचं तसंच आहे. पण नेटवर प्रत्येक प्रेक्षकाला खेळाची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. शेजारच्या दोन घरांत तीच बातमी लागली असली तरी टॉवरवरून ती दोनदा येते. म्हणजे बघणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग कमी होतो.

आता गणपतीत काय होतं ते आठवा. एरवी दोनशे माणसांच्या गावात हजार येतात, सगळ्यांच्या हातात फोन, आणि टॉवर तोच एक. आरती होऊन लोक फोन घेऊन बसले की नेट गोगलगाय होतं. छत्रीला याची गंधवार्ता नसते. उलट आषाढातल्या झडीत गाव रिकामं असतं, नेट बऱ्यापैकी पळतं आणि छत्री मात्र मान टाकते. एकाची पडती बाजू हीच दुसऱ्याची चांगली. म्हणून दोन्ही ठेवावं असं माझं मत आहे. छत्रीला दरमहा काही लागत नाही आणि फोन सगळ्यांकडे असतोच.

डेटाचा हिशेब पाठ करायला सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने तासभर चित्र बघितलं तर साधारण ४५० एमबी जातात. लहान पडद्यावर चालेल असं साधं चित्र एवढ्यात येतं. मोठ्या टीव्हीवर बरं दिसायचं तर अडीच मेगाबिट धरा, म्हणजे तासाला १ जीबीच्या थोडं वर. फुल एचडीला पाच मेगाबिट, तासाला सव्वादोन जीबी. रोजचा दीड जीबीचा प्लॅन असेल तर फोनवर तीन तास, टीव्हीवर सव्वा तास. टीव्हीला मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की टीव्ही आपणहून सगळ्यांत मोठं चित्र मागतो आणि जेवण व्हायच्या आत डेटा संपतो. अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा ४८० वर आणून ठेवा.

घरापर्यंत फायबर आलं असेल तर डेटाची चिंता उरत नाही. काही फायबरवाले टीव्हीच्या वाहिन्या वेगळ्या वाटेने, नेटचा डेटा न मोजता देतात. बीएसएनएलने २०२४ मध्ये अशी सेवा आणली. तुमच्या गावात जो फायबर देतो त्याला हे विचारून घ्या. पण फायबर खांबावरून येतं आणि खांब वादळात पडतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत दिवसेंदिवस ना वीज होती ना मोबाइल. फ्री डिशचे बहुतेक बॉक्स १२ व्होल्टवर चालतात. जोडीला १२ व्होल्टचा लहान टीव्ही असेल तर गाडीच्या बॅटरीवर बातम्या बघता येतात, फक्त छत्री वाऱ्यात टिकायला हवी.

क्रिकेटचं कोडं

‘फ्री डिशवर मॅच दिसते, आणि पैसे भरलेल्या डिशवर दूरदर्शनच लावलं तर तिथे भलतंच काहीतरी चालू असतं,’ ही तक्रार दर मालिकेत येते. यात बिघाड कुणाचाच नसतो. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून ठरवलेले सामने ज्याच्याकडे हक्क असतील त्याला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावे लागतात. जाहिरातीच्या कमाईतला किमान ७५ टक्के वाटा हक्कवाल्याचा, उरलेला प्रसार भारतीचा. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे वाटून घेतलेलं चित्र दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या केंद्रांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं. खासगी केबल आणि डीटीएचवर ते जाता कामा नये, नाहीतर कोट्यवधी मोजून हक्क घेणाऱ्याचं नुकसान. म्हणून सामन्याच्या वेळी तिथे दुसरं काहीतरी लागतं.

भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने या यादीत येतात. आयपीएल येत नाही, तेव्हा आयपीएलसाठी फ्री डिश घेऊ नका.

आणि सामना बघायचाच तर छत्रीवर बघा. उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला लहरीला पाव सेकंद लागतो. नेटवर चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून, साठवून, मग पाठवलं जातं. अडखळू नये म्हणून तुमचा फोनही दोन-चार तुकडे आधी जमवून ठेवतो. त्यात वीस-तीस सेकंद सहज जातात. समोरच्या घरात फटाका वाजतो तेव्हा तुमच्या फोनवर गोलंदाज अजून धाव घेत असतो.

सावधान, आणि घर बंद करताना

‘एकदा तीन हजार भरा, सगळ्या वाहिन्या कायमच्या फुकट’ असं सांगणारा बॉक्स किंवा अॅप कुणी आणलं तर त्याला पडवीतूनच परत पाठवा. ते चोरीचं प्रक्षेपण असतं, चार महिन्यांनी बंद पडतं, आणि तोवर त्या अॅपने फोनमधलं काय काय बघितलं ते कुणालाच कळत नाही. फ्री डिशच्या नावाने फोन करून ‘तुमची सेवा बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं, कारण बंद करायला तिथे खातंच नसतं.

मुंबईला परत जाताना बॉक्स, अॅडॉप्टर आणि रिमोट एका डब्यात घालून न्या. रिमोटमधले सेल आधी काढा, नाहीतर पुढच्या वर्षी ते फुटून हिरवे झालेले सापडतात. छत्रीची वायर घरातल्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवा. दांडीवर आणि खांबावर, दोन्ही बाजूंना जाणारी एक रेघ ऑइलपेंटने ओढून ठेवा, म्हणजे वानराने फिरवली तरी कुठे होती ते कळेल. पुढच्या वर्षी आलात की आधी ती रेघ जुळवा, मग स्कॅन करा, आणि तरीही दिसलं नाही तर मेकॅनिकला फोन करा.